घास, घसा आणि गणना : अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या प्रमाणाविषयी

एखादा रोग किती आढळतो आणि त्याचे प्रमाण काळाबरोबर कसे बदलते, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकाचा व संख्याशास्त्राचा मानला जातो. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात हात घालावा, हे काहींना अनधिकार चेष्टेसारखे वाटण्याचा संभव आहे. परंतु मोजण्यापूर्वी नाव द्यावे लागते आणि नाव देण्यापूर्वी विचारावे लागते. विचारणे व सांगणे हा व्यवहार लोकांच्या बोलीतच होतो. ज्या रोगाचे पहिले आणि पुष्कळदा एकमेव लक्षण रोग्याच्या तोंडूनच कळते, त्या रोगाच्या आकड्यात बोलीचा वाटा किती असतो हे पाहणे आपल्या विषयाच्या कक्षेबाहेरचे नाही. अन्ननलिकेचा कर्करोग हा असा रोग आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या प्रमाणाविषयीची मुख्य माहिती द्यावयाची आहे आणि त्या प्रमाणातील चढउतारांत रोगाचा बदल कोणता, लोकसंख्येचा बदल कोणता व नोंदीचा बदल कोणता, हे वेगळे करून दाखवावयाचे आहे.

विवेचनासाठी स्थळ घेतले आहे ते खर्डा. इतिहासाच्या वाचकांस हे गाव ११ मार्च १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे विदित आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या (२०२४ पर्यंतच्या अहमदनगरच्या) जामखेड तालुक्यात, अगदी जिल्ह्याच्या कडेला ते वसलेले आहे. एका बाजूस बीड जिल्हा, दुसऱ्या बाजूस धाराशिव म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद. सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटरांवर सोलापूर जिल्ह्यातील बार्शी. ही भौगोलिक माहिती येथे निरर्थक नाही. कर्करोगाच्या ग्रामीण नोंदणीच्या दृष्टीने भारतातील अत्यंत महत्त्वाची अशी दोन क्षेत्रे खर्ड्याला लागून किंवा जवळून जातात, आणि खर्डा मात्र त्या दोहोंच्याही बाहेर राहते.

प्रथम काही संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. एका वर्षात नव्याने किती रोगी निष्पन्न झाले, त्यास आपण ‘नवोद्भव’ म्हणू. एका विशिष्ट दिवशी किती रोगी हयात आहेत, ती ‘विद्यमानता’. आणि एका वर्षात त्या रोगाने किती दगावले, तो मृत्युदर. बोलताना ‘प्रमाण’ हा एकच शब्द आपण तिन्ही अर्थांनी वापरतो आणि घोटाळा करतो. ज्या रोगात माणूस वर्षानुवर्षे जगतो तेथे विद्यमानता नवोद्भवाच्या कितीतरी पट असते. अन्ननलिकेच्या कर्करोगात तसे घडत नाही, कारण रोग ध्यानात येतो तेव्हा तो बहुधा पुढे गेलेला असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार त्या वर्षी जगात या रोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रोगी झाले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार मृत्यू. भारतापुरते पाहिल्यास नवे रोगी सत्तर हजारांच्या आसपास व मृत्यू त्याहून थोडेच कमी. नव्या रोग्यांची संख्या आणि मृतांची संख्या इतकी जवळ असणे याचा अर्थ कोणत्याही भाष्याविना उघड आहे.

याच संस्थेने २०२० साठी दिलेला जागतिक अंदाज ६ लाख ४ हजारांचा होता. म्हणजे दोन वर्षांत रोग सहाव्या हिश्श्याने घटला काय? तसे मुळीच नव्हे. या घटीचा बहुतांश भाग चीनच्या अंदाजातून आलेला आहे. तेथील आकडा सुमारे ३ लाख २४ हजारांवरून २ लाख २४ हजारांवर आला, आणि दोन वर्षांत एवढे रोगी कमी होणे शक्य नाही. मधल्या काळात आधारभूत नोंदी व अनुमानाची पद्धती बदलली. स्वतः ती संस्थाही आपल्या दोन आवृत्त्यांतील आकड्यांची परस्परांशी तुलना करू नये असेच बजावते. तरीही वृत्तपत्रांतून व क्वचित प्रबंधांतूनही अशा तुलना केलेल्या आढळतात. दोन कोशांच्या शब्दसंख्येवरून भाषा वाढली की आटली हे ठरविण्याइतकेच ते निराधार आहे.

दुसरी दक्षता वयाची. हा रोग चाळिशीच्या आत विरळा आणि पुढे वयाबरोबर चढत जाणारा. १९६१ च्या जनगणनेत भारतात साठ वर्षांवरील लोक शेकडा ५.६ होते, २०११ मध्ये ते शेकडा ८.६ झाले. प्रत्येक वयोगटातील धोका तिळमात्र न बदलता केवळ वृद्धांची संख्या वाढल्यामुळे लाखामागील रोग्यांची संख्या वाढलेली दिसेल. गावात ‘हल्ली हा रोग फार वाढला’ असे जे म्हटले जाते, त्यात या घटकाचा भाग मोठा असतो. यास्तव जपानी संशोधक मित्सुओ सेगी यांनी १९६० मध्ये सुचविलेल्या व पुढे थोड्या फेरफाराने रूढ झालेल्या एका कल्पित ‘जागतिक प्रमाण लोकसंख्ये’चे माप सर्व ठिकाणच्या दरांस लावतात. त्यास वयसमायोजित दर म्हणतात. पुढे येणारे भारतातील नोंदणीक्षेत्रांचे दर या प्रकारचे आहेत.

आता खर्ड्याच्या शेजाराकडे वळू. भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी मुंबईस भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने सुरू केली. राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम त्यानंतर, १९८१ च्या अखेरीस उभा राहिला. हे सारे नगरांचे काम होते. नगरात रुग्णालये असतात, विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळा असतात. तेथील कागद गोळा केले की बरीचशी मोजणी होते. खेड्यात मुळात कागदच नसतो. ही अडचण ओलांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८७ मध्ये बार्शी येथे झाला. बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील साडेतीनशेच्या सुमारास खेडी त्यात घेतली गेली. कार्यकर्ते गावोगाव जात, सरपंच, शिक्षक, पोलीस पाटील अशा जाणत्या मंडळींना भेटत, लोकांना लक्षणे समजावून सांगत आणि ज्यांच्यात ती दिसतील त्यांना तपासणीसाठी बार्शीच्या रुग्णालयात येण्यास उद्युक्त करीत. नगरातील नोंदणी कागदाची वाट पाहते; बार्शीच्या नोंदणीला माणसाकडे चालत जावे लागले.

या नोंदणीत कर्करोगाचा एकंदर दर मुंबईच्या सुमारे निम्माच निघाला. पुरुषांमध्ये अन्ननलिका हे रोगाच्या प्रमुख स्थानांपैकी एक होते. पुढे उस्मानाबाद व बीड या जिल्ह्यांचीही नोंदणी झाली आणि २०१२ ते २०१६ या काळाच्या राष्ट्रीय अहवालात एक विलक्षण गोष्ट दिसून आली. सर्व स्थानांचे कर्करोग मिळून पुरुषांमधील दर मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्यात लाखामागे २६९.४ होता, तो देशातील सर्वांत अधिक. सर्वांत कमी दर होता उस्मानाबाद-बीड क्षेत्राचा, ३९.५. स्त्रियांमध्येही नीचतम आकडा याच क्षेत्राचा, ४९.४. अन्ननलिकेपुरते बोलावयाचे तर मेघालयातील पूर्व खासी टेकड्यांत पुरुषांमधील दर लाखामागे ७० च्या वर जातो. म्हणजे तेथे एकट्या अन्ननलिकेचा कर्करोग उस्मानाबाद-बीडमधील सर्व कर्करोगांच्या बेरजेहून जवळजवळ दुप्पट आहे. खासी लोकांतील कच्च्या, आंबविलेल्या सुपारीचे सतत सेवन आणि तंबाखू यांचा त्या आकड्याशी निकटचा संबंध आहे, याविषयी फारसा मतभेद नाही.

खर्डा ज्या पट्ट्याच्या मधोमध आहे, तो पट्टा देशात सर्वांत निरोगी आहे असे मग म्हणावयाचे काय? येथे जरा थांबले पाहिजे. तंबाखू-चुना, मिश्री व विडी या प्रदेशाला परकी नाहीत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील रोग्यांच्या आधारे सांघवी, राव व खानोलकर यांनी १९५५ मध्येच विडी ओढणे व तंबाखू चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध दाखवून दिला होता. याउलट शहरी जीवनाशी निगडित असे काही कर्करोग, उदाहरणार्थ स्तनाचा, खेड्यात खरोखरच कमी आहेत. तेव्हा कमी दराचा काही भाग निश्चितच वास्तव आहे.

तथापि दुसरा एक पुरावा विचारात घ्यावाच लागतो. भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण वैद्याने प्रमाणित केलेले असते असे मृत्यू सुमारे एक-पंचमांशच आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठी झालेल्या ‘दशलक्ष मृत्यू अभ्यासा’तील कर्करोगविषयक निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ३० ते ६९ या वयातील पुरुषांचा कर्करोगाने होणारा मृत्युदर ग्रामीण भागात लाखामागे ९५.६ आणि नागरी भागात १०२.४ निघाला, स्त्रियांत तो ग्रामीण ९६.६ व नागरी ९१.२. म्हणजे मृत्यूच्या बाजूने पाहिले तर खेडे आणि शहर यांत म्हणण्यासारखे अंतरच नाही. नोंदणीच्या बाजूने पाहिले तर खेडे शहराच्या निम्मे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण उपचार उशिरा मिळाल्याने खेड्यातील रोगी अधिक प्रमाणात दगावतात आणि थोड्या नवोद्भवातूनही तेवढेच मृत्यू होतात. शिवाय हा अभ्यास देशभरातील खेड्यांचा होता, एका पट्ट्याचा नव्हे. परंतु दगावण्याचे हे कारण सर्व स्थानांस सारखे लागू पडत नाही. अन्ननलिकेच्या रोगात शहरातील रोगीही फारसे वाचत नाहीत. तेथे उशिराच्या उपचाराने अंतर भरून निघण्यास वावच थोडा आहे. म्हणून या स्थानाच्या बाबतीत, काही रोगी मोजणीत येण्यापूर्वीच जातात, ही शंका मला अधिक सबळ वाटते.

या अभ्यासाची पद्धती भाषाभ्यासकाने आवर्जून पाहण्यासारखी आहे. मृत्यू घडलेल्या घरी वैद्य नसलेला कार्यकर्ता जातो, नातेवाइकांना विचारतो आणि त्यांनी सांगितलेली हकीगत स्थानिक भाषेत लिहून घेतो. नंतर दोन वैद्य एकमेकांपासून स्वतंत्रपणे ती हकीगत वाचून मृत्यूचे कारण ठरवितात. ‘मौखिक शवपरीक्षा’ हे तिचे नाव. देहाऐवजी येथे वाक्याचे विच्छेदन होते.

अशा वाक्यांपैकी आपल्या विषयास सर्वांत उपयुक्त ते ‘घास उतरत नाही’. खर्डा-जामखेडकडील बोलीत ‘घास उतरंना’. यात कर्ता घास आहे, माणूस नव्हे. घास स्वतः खाली जावयाचा, तो जात नाही. मार्गात अडथळा आहे, ही गोष्ट वाक्यरचनेतच सांगितली गेली. याच्या शेजारी ‘खाववत नाही’ किंवा ‘गिळवत नाही’ ठेवून पाहावे. ही आपली शक्य क्रियापदे. ती शरीराची वा मनाची असमर्थता सांगतात, अडथळ्याचे स्थान सांगत नाहीत. ताप आला असता, शोक झाला असता, भूक मेली असता माणसाला ‘खाववत नाही’. कार्यकर्त्याने ‘त्यांना खाववत नव्हते का?’ असे विचारले तर जवळजवळ प्रत्येक मरणासन्न माणसाविषयी ‘हो’ हेच उत्तर मिळेल. प्रश्न बिनचूक, मराठी शुद्ध, आणि माहिती शून्य.

त्यातही एक मेख आहे. ‘घास उतरत नाही’ हे दुःखाचे लाक्षणिक वाक्यही आहे. तरुण मुलगा गेला, आईच्या गळ्याखाली घास उतरत नाही. शेजारीण जेव्हा म्हातारीविषयी हे वाक्य बोलते तेव्हा ते रोगाचे लक्षण की पुत्रशोकाचे वर्णन, हे केवळ वाक्यावरून ठरत नाही. ते ठरते क्रमावरून. अन्ननलिका हळूहळू अरुंद होत जाते, तेव्हा प्रथम भाकरी अडते, मग ती दुधात किंवा कालवणात कुस्करून खावी लागते, मग मऊ भात, मग पेज, आणि शेवटी पाण्याचा घोटही. शोकात असा क्रम नसतो. ‘आधी काय खाणे सोडले आणि मग काय?’ हा प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात नसेल अशा सहजतेने ज्वारी खाणाऱ्या घरात विचारता येतो आणि त्याचे उत्तर घरातील स्त्रिया अचूक देतात, कारण अन्न बदलून देणे त्यांच्याच हाती असते.

पुढची अडचण स्थाननामाची. ‘नरडे’ या शब्दात श्वासनलिका व अन्ननलिका असा भेद नाही. ‘घसा’ तर जिभेच्या मुळापासून छातीच्या वरच्या टोकापर्यंत पसरलेला आहे. ‘घशाचा कॅन्सर’ असे सांगितले जाते तेव्हा तो स्वरयंत्राचा असू शकतो, अधोग्रसनीचा असू शकतो किंवा अन्ननलिकेचा. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या तिन्हींस वेगवेगळे क्रमांक आहेत. ऊतकाचा तुकडा तपासला गेला असेल तर प्रश्न सुटतो. तो तपासला गेला नसेल तर वर्गीकरण शब्दाच्या आधारावर होते. ‘अन्ननलिका’ हा आपला पाठ्यपुस्तकी शब्द दवाखान्याच्या चिठ्ठीतून घरात शिरतो तेव्हा त्या घरातील रोग ‘घशा’तून ‘अन्ननलिके’त जातो. दवाखाने वाढले, चिठ्ठ्या वाढल्या, की एका स्थानाचा आकडा घटून दुसऱ्याचा वाढण्याचा संभव असतो. रोग मात्र होता तेथेच असतो. खुद्द ‘कर्करोग’ हे नावही ग्रीकांच्या खेकड्यावरून बेतलेले संस्कृत भाषांतर आहे. खेड्यात ते फारसे रुजले नाही, ‘कॅन्सर’च रुजला. आणि तोही पुष्कळ घरांत उच्चारला जात नाही. ‘तो रोग’, ‘मोठा आजार’ असे म्हटले जाते. न उच्चारलेले नाव नोंदवहीत कसे यावे?

हे सर्व ध्यानी घेऊनही काळानुसार झालेले काही बदल निःसंशय खरे आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. मुंबईच्या नोंदणीत १९६४ पासूनची अखंड माला उपलब्ध आहे. तीत आरंभी अन्ननलिकेचा कर्करोग अग्रस्थानी असलेल्यांपैकी होता आणि पुढील दशकांत त्याचा वयसमायोजित दर स्त्री-पुरुष दोहोंतही लक्षणीय रीतीने उतरला. निदानाची साधने वाढत असताना, म्हणजे अधिक रोगी सापडण्याची शक्यता असताना दर उतरतो, तेव्हा ती घट नोंदीच्या दोषाने समजावून सांगता येत नाही. इराणच्या कॅस्पियन किनाऱ्यावरील नोंदणी १९६९ मध्ये बाबोल येथे सुरू झाली. तेथे गुनबद भागातील तुर्कमेन लोकांत लाखामागे शंभराहून अधिक दर आढळला, आणि स्त्रियांचा दर पुरुषांहूनही अधिक. २००० नंतरच्या नोंदींत तो निम्म्याहून खाली आला. अफू, अतिशय गरम चहा आणि फळभाज्यांचे दुर्भिक्ष या तिन्ही गोष्टी तेथे कारण म्हणून पुढे आल्या. चहाचा मुद्दा काहींना हास्यास्पद वाटेल, परंतु ६५ अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ होत, असा निर्णय आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये दिला आहे.

अमेरिकेतील बदल आणखी निराळा. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार दोन : एक अस्तराच्या सपाट पेशींचा, तंबाखू, मद्य व निकृष्ट आहाराशी निगडित, भारतात प्राबल्य असलेला, दुसरा ग्रंथिपेशींचा, जठराकडील टोकास होणारा, स्थूलता व आम्लाच्या उलट्या प्रवाहाशी निगडित. अमेरिकेत १९७५ ते २००१ या काळात दुसरा प्रकार सुमारे सहापट झाला आणि पहिला उतरत गेला. दोहोंची बेरीज करून ‘अन्ननलिकेचा कर्करोग’ या एकाच नावाखाली दर काढला तर या उलथापालथीचा मागमूसही लागणार नाही. अर्थात तेथेही शंका निघालीच. अन्ननलिका जेथे संपते व जठर जेथे सुरू होते ती सीमा अस्पष्ट असल्याने पूर्वी जठरात घातलेले रोगी आता अन्ननलिकेत घातले जात असतील काय? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात ही शक्यता तपासून पाहण्यात आली आणि जठराच्या मुखाशी होणाऱ्या कर्करोगात त्या प्रमाणात घट नसल्याने वाढ खरी आहे, असा निर्वाळा मिळाला. सीमावर्ती शब्दांच्या बोलीगणनेत आपण जी कसोटी लावतो तीच ही : एका खात्यातील भर दुसऱ्या खात्यातून निघालेली आहे काय, ते पाहावे.

खर्ड्याला परत येताना एका गावापुरते गणित करून पाहू. दहा हजार वस्तीचे गाव आणि लाखामागे वर्षाला पाच असा दर धरला तर दोन वर्षांत एक रोगी अपेक्षित होतो. निव्वळ योगायोगाच्या नियमाने अशा गावात दहापैकी सहा वर्षे एकही रोगी निघणार नाही आणि सरासरी अकरा वर्षांतून एकदा एकाच वर्षात दोन किंवा अधिक निघतील. ते वर्ष गाव विसरत नाही. विहिरीचे पाणी, फवारणी, कोणाची तरी दृष्ट, अशी कारणे त्याच वर्षापासून सांगितली जाऊ लागतात. दहा वर्षांची बेरीज घेतली तरी अपेक्षित पाचाच्या जागी दोनपासून नवापर्यंत कोणताही आकडा येऊ शकतो. म्हणून एका गावाचा दर हा शब्दप्रयोगच सैल आहे. दर क्षेत्राचा असतो, आणि खर्डा ज्या क्षेत्रात मोडावे असे क्षेत्र वर सांगितलेल्या दोन्ही नोंदण्यांच्या सीमारेषेपलीकडे आहे. भूम तालुक्यातील खेड्याने सांगितलेला ‘घास उतरत नाही’ बार्शीच्या वहीत गेला. तेच वाक्य शिवेच्या अलीकडे बोलले गेले तर त्या वहीत त्यास रकाना नव्हता.

शिवाय भाजक कोणता धरावयाचा हाही प्रश्न आहे. नोंदणीचा नियम असा की निदानापूर्वी किमान एक वर्ष त्या क्षेत्रात राहणारा तो तेथील रहिवासी. बीड आणि जामखेड या बाजूंची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस पश्चिमेकडे जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. जनगणनेत ती गावची, सहा महिने कारखान्याच्या तळावरची. तळावर असताना घास अडू लागला तर जवळच्या गावातील डॉक्टर आम्लपित्ताचे औषध देतो, आणि पुढची तपासणी मुकादमाची उचल फिटेपर्यंत लांबते. अशा रोग्याच्या चिठ्ठीवर गावाचे नाव कोणते लिहिले जाते, हे नोंदणीच्या अधिकाऱ्याने घालून दिलेल्या व्याख्येपेक्षा ‘तुमचं गाव कोणतं?’ या प्रश्नाचा रोग्याने लावलेल्या अर्थावर अधिक अवलंबून असते. आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस राहते ठिकाण सांगत नाही. वाडवडिलांचे गाव सांगतो.